लाली, यंदा निळ्या रंगात

यंदा कंपनीने लाली निळ्या रंगात काढली.

आता यावर माणसाने हसावं की रडावं? लाली म्हणजे एक्स्प्रेसचं ते लांब नाकाचं डिझेल इंजिन. लाल, म्हणून लाली. ज्यांना आगगाड्यांतलं ओ की ठो कळत नाही तेही तिला ओळखतात, कारण बिस्किटांच्या डब्यापासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळीकडे तिचंच चित्र. कंपनी तिचं हातभर लांबीचं मॉडेल विकते आणि दर वर्षी नव्याने विकते. चकचकीत लाल काढून झाली, मळलेली लाल काढून झाली, पांढऱ्या पट्ट्याची झाली, कंपनीच्या वाढदिवसाची म्हणून एकदा सोनेरीसुद्धा झाली. इंजिन तेच, साचा तोच, फक्त लुगडं नवं. आणि आमचे लोक रांग लावून घेतात. घेतात आणि मग रविवारी क्लबात बसून कुरकुरतात की कंपनी दुसरं काही काढतच नाही.

आमचा क्लब म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची लांबडी खोली. खाली खिळे, नळ, दोरखंड, वर आम्ही. भिंतींच्या कडेने टेबलं, टेबलांवर रूळ, दोन स्टेशनं, एक बोगदा आणि स्पंजाचे तुकडे रंगवून केलेली झाडं. अध्यक्ष म्हणजे खालच्या दुकानाचा मालक, म्हणून तो अध्यक्ष. खोली त्याची आहे. बायकांत मी एकटीच. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, ही कुणाची तरी बायको असणार, चहा करायला आलीय. मी पहिल्याच रविवारी त्यांच्या बोगद्याचं तोंड पाडून नवीन करून दिलं, तेव्हापासून कोणी काही बोललं नाही.

हात माझा बरा आहे, कारण धंदाच तसला. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे येतात. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग त्या मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे समोर मांडून बसलेली असते. केसाएवढा फरक राहिला तरी आजोबा ती कवळी पेल्यात ठेवतात ती ठेवतातच. तेव्हा बारीक कामाची मला भीती नाही. मला वैताग येतो तो माणसांचा.

आता डबीचं सांगते. माझे बाबा डबी चालवायचे. डबी म्हणजे एकच डबा, इंजिन त्याच्याच पोटात, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा. जंक्शनपासून दगडाच्या खाणीपर्यंत एक आडवा फाटा होता, त्यावर ती जायची आणि तशीच उलटी यायची. वळवायची भानगडच नाही. खाण बंद पडली, रूळ उखडले, डबी भंगारात गेली. कंपनीने तिचं मॉडेल कधी काढलं नाही. काढेल कशाला? बिस्किटांच्या डब्यावर ती कधी आलीच नाही.

लहानपणी मी बाबांच्या मागच्या लाकडी बाकावर बसून त्या फाट्यावर कितीदा गेलेय. शाळेत कोणी विचारलं बाबा काय करतात, तर मी मान ताठ करून सांगायची, गाडी चालवतात. एक अख्खी गाडी, एकटे. माझं हे गाड्यांचं वेड तिथून आलं.

गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, नजरेचा मधला भाग जातोय, कडा राहतील. औषधाने जरा हळू जाईल एवढंच. बाबांनी मान हलवली आणि घरी येताना विचारलं, भाजी घ्यायचीय का. आता त्यांना माझा चेहरा बघायचा असला की ते माझ्या कानाकडे बघतात. वर्तमानपत्र बंद झालं. मला तेव्हापासून एकच ध्यास लागला. मधलं सगळं जायच्या आत बाबांच्या हातात डबी ठेवायची, आणि त्यांनी ती डोळ्यांनी बघायची. बस. जगात दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

लोक म्हणतात, तुझ्या हातात कला आहे, तूच का नाही करत? केली ना. काय समजलात. कवळ्यांच्या ॲक्रिलिकमध्ये ओतून अंग केलं, वरून रंग दिला. पण मोटार आत मावेना, म्हणून पोट फुगवावं लागलं. चाकं दुसऱ्या गाडीची लावली, ती लंगडत चालायची. रंगाचा पोपडा उडाला की खालून हिरडी दिसायची. बाबांनी ती हातात घेतली, कडेने बघितली आणि म्हणाले, "छान आहे." शेजाऱ्यांच्या मुलाने चित्र काढून दाखवलं की म्हणतात ना, तसं छान. मी ती उचलून माळ्यावर टाकून दिली. चाकं, मोटार, खिडक्यांच्या चौकटी हे सगळं कारखान्यातच नीट होतं, घरी नाही. कंपनीनेच काढायला हवी होती.

आणि यंदा कंपनीला कधी नव्हे ते सुबुद्धी सुचली. म्हणजे सुचल्यासारखं वाटलं. कंपनीचा माणूस क्लबात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि दर वाक्याला "शंभर टक्के." म्हणाला, "यंदा आम्ही सगळ्या क्लबांकडून मतं मागवतोय. एका माणसाला एक मत. ज्या गाडीला सगळ्यात जास्त मतं पडतील ती गाडी आम्ही काढणार. शंभर टक्के." मी लगेच शेजारच्या गावांतल्या क्लबांना फोन लावले. तिकडेही त्या फाट्यावर वाढलेली माणसं होतीच. सगळे म्हणाले, डबीच, दुसरं काय? मला झोप लागेना आनंदाने.

पण आमच्या क्लबात मिलिमीटर आहे.

मिलिमीटर हा मोजणी खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी. कोणी नवी गाडी आणली की हा आधी अभिनंदन करत नाही, आधी मोजतो. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "दरवाजा अर्ध्या मिलिमीटरने पुढे आलाय." झालं, त्या माणसाची त्या गाडीवरची सगळी हौस फिटते. माणूस वाईट नाही, कुणाच्या अडीअडचणीला पहिला धावतो. पण त्याच्यासमोर काही नवं आणायला धीर लागतो.

मिलिमीटर उभा राहिला आणि म्हणाला, "डबी म्हणजे नेमकी कोणती?"

मी म्हणाले, "कोणती म्हणजे? डबी ती डबी."

"ताई, डबी असं काही नसतं. सुरुवातीला तिला कपाळावर एक दिवा होता. नंतर दोन केले. आणि शेवटी शेवटी मागे एक बिनइंजिनाचा डबा जोडायचे. तीन वेगळ्या गाड्या आहेत या. कंपनीला आपण मोघम सांगितलं तर ते मोघम गाडी करतील."

आली का पंचाईत. त्या रविवारी जे सुरू झालं ते महिनाभर संपेना. अध्यक्षाला मागच्या डब्यासकटच हवी, कारण तो त्या डब्यात बसून सासुरवाडीला जायचा. कोणाला एक दिवा, कोणाला दोन. जुने फोटो आले, भिंगं आली. एका फोटोत कपाळावर दुसरा दिवा आहे की पक्ष्याची घाण आहे, यावरून दोन चांगली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली. मी हात जोडले. म्हटलं, अरे बाबांनो, आधी गाडी तर येऊ द्या, दिव्याचं पुढे बघू. कसलं काय. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मी बाबांनाच क्लबात घेऊन आले. प्रत्यक्ष चालवणारा माणूस आणला तर वाद मिटेल असं मला वाटलं. त्यांना मानद सभासद केलं, खुर्ची दिली. सगळे भोवती उभे.

मिलिमीटरने विचारलं, "बाबा, दिवे किती होते?"

बाबा म्हणाले, "एकच लागायचा."

"म्हणजे एकच होता."

"लागायचा एकच," बाबा म्हणाले. "दुसऱ्याचं कोणी बघितलंच नाही कधी. कोणाला पडली होती त्या गाडीची?"

यातून दोन्ही बाजूंनी आपापल्याला हवं ते घेतलं आणि भांडण दुप्पट वाढलं. बाबा मात्र खुर्चीत बसून भिंतीकडच्या टेबलावर कोणाची तरी लाली फिरत होती तिच्या आवाजाकडे मान वळवत होते. मी ते पाहिलं. मला वाटलं, बिचारे कंटाळले असतील.

मतदानाच्या दिवशी मी प्रत्येकाला बाजूला घेऊन दाताच्या कण्या केल्या. म्हटलं, कागदावर नुसतं "डबी" लिहा. पुढे एक अक्षर नको. दिवे नको, डबा नको, काही नको. मान सगळ्यांनी हलवली. अध्यक्ष तर म्हणाला, "तुम्ही काळजीच करू नका." तेव्हाच खरं मी काळजी करायला हवी होती. मी अध्यक्षाशी बोलत होते तेवढ्यात मिलिमीटरने बाबांना त्यांचा कागद भरून दिला, कारण त्यांना आता अक्षर दिसत नाही. मला बरं वाटलं, माणूस अगदीच दगड नाही म्हणून.

निकालाला कंपनीचा माणूस स्वतः आला. टेबलावर काहीतरी कापडाखाली झाकून ठेवलेलं. भाषण केलं, नमनाला घडाभर तेल. त्याने कापड ओढलं, आणि खाली निळी लाली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, आमच्याच लोकांनी! एकजण तर म्हणाला, "निळा तसा बरा दिसतो." मला वाटलं, याच्या तोंडात मी बनवलेली कवळी असती तर आत्ता काढून घेतली असती.

मी पुढे गेले. म्हटलं, "डबीचं काय झालं?"

त्याने फोनवर बघितलं. "डबी, एक दिवा. डबी, दोन दिवे. डबी, मागच्या डब्यासकट. तिन्हींना चांगली मतं आहेत. शंभर टक्के."

"आणि तिन्ही मिळून?"

त्याने फोनवर बोट फिरवून बेरीज केली. "मिळून पहिला नंबर आला असता."

"मग?"

"पण मॅडम, मिळून कसं धरणार? तुमचेच लोक लिहितात की या तीन वेगळ्या गाड्या आहेत. आम्ही एका दिव्याची काढली की दोन दिव्यांचे घेणार नाहीत. मागे तुमच्या मागणीवरून आम्ही मालगाडीचा गार्डाचा डबा काढला होता. पायरी चुकली म्हणून तुम्हीच घेतला नाही. अजून गोदामात पडलाय. लालीचं तसं नाही, ती कशीही काढली तरी खपते."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. गार्डाच्या डब्याची पायरी कोणी मोजली होती ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी मिलिमीटरला गाठलं. जिन्याच्या तोंडाशीच. "झालं समाधान? घ्या आता. ना एक दिवा, ना दोन. सगळा अंधार."

"ताई, चुकीची गाडी येण्यापेक्षा न आलेली बरी," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

"तुमच्यासाठी बरी. तुम्ही आणखी वीस वर्षं पट्टी घेऊन वाट बघाल. माझ्या बाबांचे डोळे चाललेत. पुढच्या वर्षी कंपनीने सोन्याची डबी काढली तरी मी ती कोणाला दाखवू? तुम्हाला अर्धा मिलिमीटर दिसतो, एवढा म्हातारा माणूस दिसत नाही?"

जिन्याखालून दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली होती. मिलिमीटरने चष्मा काढला. "बाबांचं म्हणाल तर, ताई, त्यांनी..." आणि काचा पुसायला लागला.

"काय त्यांनी?"

"काही नाही. त्यांनाच विचारा."

मी तरातरा घरी आले. बाबा खिडकीत बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. हे काम त्यांनी आपणहून घेतलंय. रंग चुकतात, पण जाडीवरून जोडी बरोबर लागते. मी पिशवी आपटली आणि सुरू झाले. अध्यक्ष, त्याची सासुरवाडी, एक दिवा, दोन दिवे, निळी लाली, टाळ्या, सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, नुसत्या माझ्या आणि तुमच्या मताने काय होणार होतं, बाकी सगळे फितूर.

बाबा मोजा हातात धरून माझ्या कानाकडे बघत होते. "माझं धरू नकोस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी लालीला दिलं."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग वाटलं, मिलिमीटरने भलतंच लिहिलं असणार. मी तसं म्हणालेही.

"त्याची काही चूक नाही. त्याने दोनदा विचारलं मला, नक्की का म्हणून. मी म्हटलं, नक्की."

मी खाली बसले. "अहो बाबा, पण तुम्ही डबी चालवायचात."

"म्हणूनच तर," बाबा म्हणाले. "रोज चालवली. सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे. तिचा मला कंटाळा आला होता गं. पहिल्या वर्षीच आला होता."

ते बोलत राहिले आणि मोज्यांच्या जोड्याही लावत राहिले. मेन लाइनवर जायचं होतं त्यांना. लाली चालवायची होती. अर्ज केला की डोळ्यांच्या तपासणीला पाठवायचे आणि तिथे घोडं अडायचं. लांबचे आकडे वाचता येईनात. तिथला डॉक्टर म्हणाला होता, वेग वाढला की वळणावरचा सिग्नल तुम्हाला वेळेत दिसणार नाही, तुम्ही आपले आडव्या फाट्यावरच बरे. ज्याला दुसरीकडे कुठे पाठवता येत नाही त्याला डबीवर पाठवायचे, असं त्या काळी सगळेच म्हणायचे.

"जंक्शनवर लाली यायची वेळ झाली की मी डबी बाजूच्या रुळावर घेऊन थांबायचो," बाबा म्हणाले. "ती धाडकन निघून जायची. सगळा डबा हलायचा. मग मला सिग्नल मिळायचा. इतक्या जवळून रोज गेली, पण नीट बघता कधी आली नाही. आता डोळे आहेत तोवर बघावी म्हटलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुला डबीचं कोण कौतुक. शाळेतून यायचीस ती सगळ्यांना सांगत यायचीस, माझे बाबा अख्खी गाडी चालवतात. तुझं मन मोडवेना." मग हातातला मोजा झटकून म्हणाले, "आणि तू विचारलंस कुठे?"

मला राग आला. खरं सांगते, बाबांचाच आला. ज्या माणसासाठी मी कंपनीशी भांडले, क्लबाशी भांडले, जिन्यात एका सभ्य माणसाची लाज काढली, त्याला ती गाडी नकोच होती. आणि त्या रागाच्या आत दुसरंच काहीतरी दुखत होतं. माझं सगळं लहानपण ज्या बाकावर बसून गेलं, त्या बाकाच्या पुढे बसलेला माणूस मनातून दुसरीकडे होता, आणि मला तो कधी कळला नव्हता. मी उठून भांडी घासायला घेतली. आधीच घासलेली होती, तीच पुन्हा घासली.

पुढच्या रविवारी मी बाबांना घेऊन क्लबात गेले आणि मिलिमीटरसमोर उभी राहिले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून सरळ म्हटलं, "तुमच्याकडे लाली असेल ना? लाल. निळी नको."

"पहिली आवृत्ती आहे," तो म्हणाला, आणि भर पावसात छत्रीसुद्धा न घेता तसाच घरी जाऊन घेऊन आला. खोक्यात पातळ कागदात गुंडाळलेली. हा माणूस ती स्वतःसुद्धा सुती हातमोजे घालून हाताळतो. त्याने ती बाबांच्या उघड्या हातांत दिली.

बाबांनी ती खिडकीपाशी नेली, कानाजवळ धरली आणि तिरक्या नजरेने बघायला लागले. नाक, मग काचा, मग दरवाजा. बोट फिरवत आणि बघत, बघत आणि बोट फिरवत. "इथून चढायचे तिचे ड्रायव्हर," बाबा म्हणाले. "ही पायरी. इथे हात धरायचा." मिलिमीटर सांगणार होता की ती पायरी कंपनीने चुकवलीय, त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग लाली रुळावर ठेवली. रेग्युलेटरचं खोकं बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते जसं धरलं त्यावरून कोणालाही कळलं असतं की याने जन्मभर हेच केलंय. लाली हळू निघाली, स्टेशनातून गेली, बोगद्यातून आली. बाबा कान देऊन उभे होते.

"खऱ्या गाडीच्या हिशोबाने हा वेग अगदी बरोबर आहे," मिलिमीटर म्हणाला.

"मेन लाइन ना ही?" बाबांनी विचारलं. "मेन लाइनवर एवढा कमी?" आणि त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

लाली सुटली. खिडकीकडच्या लांब सरळ रुळावर ती अशी गेली की टेबल थरथरलं. बाबांचा चेहरा मी कधीच इतका खुललेला पाहिला नव्हता. त्यांना ती लाल रेघ दिसत होती, पण कडेने. समोरचं वळण जिथे होतं तिथे त्यांच्या नजरेत काहीच नव्हतं. मी "बाबा" म्हणेपर्यंत उशीर झाला. लाली वळणावर वळलीच नाही. सरळ गेली, टेबलाच्या कडेवरून गेली आणि फरशीवर आपटली.

लालीचं नाक तुटून कपाटाखाली गेलं होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"वळणावर घसरली," मी म्हणाले.

बाबांनी बटण शून्यावर आणलं, शिस्तीत, घाई न करता. मग ते म्हणाले, "म्हणजे तो डॉक्टर बरोबर बोलला होता." त्यांनी खोक्यावरून बोट फिरवलं. "जन्मभर शिव्या दिल्या मी त्याला."

मला कंपनीचा राग आला, डॉक्टरांचा आला, डोळ्यांचा आला, त्या वळणाचा आला, आणि यांतल्या कोणालाही धरून हलवता येत नव्हतं. एवढं भांडून, एवढं करून, मी बाबांना काय दाखवलं? तर हे.

मिलिमीटर गुडघ्यांवर बसला होता. त्याने लाली उचलली, उलटी केली, चाकं एकेक करून फिरवून बघितली. नाक शोधायला तो वाकलासुद्धा नाही. उठला आणि तिला तशीच बिननाकाची रुळावर ठेवली.

"चाकं शाबूत आहेत," तो म्हणाला. "बाबा, या वळणावर मी उभा राहतो. गाडी आली की मी हाक देईन, तेव्हा वेग कमी करायचा. बाकी सरळ रूळ सगळा तुमचा."

"नाकाशिवाय?" अध्यक्षाने विचारलं.

"धावू दे," मिलिमीटर म्हणाला.

बाबांचा अंगठा बटणावर होता, पण ते फिरवत नव्हते. मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, बोगद्याच्या पुढच्या वळणावर, आणि तिथे भिंतीला टेकून उभी राहिले.

"सिग्नल?" बाबांनी तिकडूनच विचारलं.

"मोकळा आहे, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांनी गाडी सोडली.